ठमीचं न्हाणं

भूम गावात त्या काळी चाळिशीच्या आतलं क्वचितच कुणी असेल, ज्याला धुरपदामायनं उघडंनागडं पाहिलं नव्हतं. त्यामुळं भलेभले तिच्यासमोर जरा दबून असत. तालुका कचेरीतला कारकून असो, नाहीतर बार्शीच्या एसटीवरचा कंडक्टर, "लई रडका हुतास रं तू, अंगावर पानी पडलं की गल्ली गोळा करायचास," असं ती भर बाजारात म्हणून मोकळी होई. तो बापडा कसनुसं हसे आणि टोपी सावरत पुढं सटके. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हा तिचा धंदा. पण धंदा म्हटलेलं तिला खपत नसे. "माझा हात हाय," एवढंच ती म्हणे.

आणि हात होताच. सकाळी पाणी तापलं की जिच्या घरी बाळंतीण असेल तिथून बोलावणं येई. धुरपदामाय न्हाणीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढायची, पाय समोर लांब करायची आणि दोन्ही नडग्यांवर बाळ आडवं टाकायची. आधी तेल. करडीचं कोमट तेल, टाळूपासून टाचेपर्यंत. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगावर जो पांढरा चिकट लेप असतो, तो पाण्यानं सुटत नाही, तेलानंच सुटतो. मग डाळीचं पीठ, मग कढत पाणी, मग ओव्याच्या धुरीचा शेक. किरकिरणारं बाळ तिच्या हाताखाली आधी बोंबलायचं आणि मग असं झोपायचं की आईला दुपारी उठवून पाजावं लागायचं. लहान अंग थरथरलं, आकडलं, गार पडलं, तरी तिचं औषध एकच. तेल आणि शेक. त्यानं बरी झालेली लेकरं गावभर हिंडत होती, म्हणून तिच्याशी वाद घालायला कुणी जात नसे.

तिची स्वतःची दोन लेकरं मात्र राहिली नव्हती. एक अकराव्या दिवशी गेलं, दुसरं सव्वा महिन्याचं होऊन. तेव्हा तिला न्हाऊ घालता येत नव्हतं, सगळं सासू करायची. पुढं नवरा हिवतापानं गेला, मागोमाग सासूही गेली. सासूच्या जागी बायका हिला बोलावू लागल्या आणि ही जाऊ लागली. या गोष्टी ती कधी उगाळत बसली नाही. कुणी विचारलंच तर "व्हय, हुती दोन," असं म्हणून बाळाच्या काखेतलं पीठ पुसायला लागायची.

म्हातारपणी तिच्या घरात जे काही लेकरू होतं, ते ठमी. करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची, एक कान फाटलेली, चांगली आठ वर्षांची मांजरी. भाद्रपदातल्या एका चिखलाच्या दिवशी ती स्वतःच आत आली आणि चुलीजवळ बसली ती बसलीच. धुरपदामाय तिच्याशी दिवसभर बोलायची. कुणाच्या सुनेला दूध कमी आहे, कोण सासू सुनेला तूप मोजून घालते, या गावच्या भानगडी ठमीला तोंडपाठ असणार. तिनं त्या कुणाला सांगितल्या नाहीत, हा तिचा मोठेपणा.

शेजारी नारायणराव मास्तर राहायचे. शाळेवर बदली होऊन आलेले. त्यांची बायको वनमालाबाई तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली, स्वच्छतेची भारी हौशी. ठमीच्या एका वेतातला सोन्या नावाचा बोका त्यांनी पाळला होता. दर रविवारी त्या सोन्याला घंगाळात उभा करून, कोमट पाण्यानं आणि साबणाच्या वडीनं न्हाऊ घालायच्या. सोन्याच्या किंकाळ्या, वनमालाबाईंच्या दंडावरचे ओरखडे आणि अंगणभर फेस. धुरपदामाय हा तमाशा उंबऱ्यात बसून बघायची आणि पोट धरून हसायची.

"मास्तरीणबाई, मांजराला कुनी न्हाऊ घालतं व्हय? त्याला देवानं जीभ दिलीया. ते सोताच न्हातं, दिसातनं धा डाव."

"पण धुरपदाबाई, उकिरड्यावरनं येतो हो हा. आणि तसाच अंथरुणात शिरतो."

"मग अंथरून धुवा. मांजर कशाला धुता?"

न्हाऊ घालण्यातलं गावात जिला सगळ्यात जास्त कळतं, तिनंच असं म्हटल्यावर वनमालाबाई काय बोलणार! त्या हसायच्या. पण पुढच्या रविवारी सोन्या पुन्हा घंगाळात असायचा. खरं सांगायचं तर धुरपदामाय चुकीचं बोलत नव्हती. धडधाकट मांजराला पाण्याची गरज नसते. तिला ते नीट कळत होतं आणि जे आपल्याला नीट कळतं, त्याला कुठं अपवाद असेल अशी शंका तिला कधी शिवली नाही.

निजामाचं राज्य जाऊन अकरा वर्षं झाली होती. नव्या सरकारनं हिवतापाविरुद्ध घरोघर डीडीटी मारायला सुरुवात केली होती. त्या साली दसऱ्याच्या आधी फवारणीवाले भूमला आले. खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर पंप, हातात लांब नळी. त्यांच्यात गावातलाच मल्लिनाथ होता. तिशीच्या आतला, हणमंतप्पाचा मुलगा, धुरपदामायच्या नडग्यांवर वाढलेला. त्याची बायको सारजा पोटुशी होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी न जाता इथंच राहिली होती. कारण काय, तर धुरपदामायचा हात इथं होता.

धुरपदामायला फवारणीचं कौतुकच वाटलं. हिवतापानं तिचं कुंकू पुसलं होतं. तिनं स्वतः मडकी, देव, अंथरुणं अंगणात काढून ठेवली. मल्लिनाथनं चारी भिंतींवर नळी फिरवली, दारावर गेरूनं तारीख लिहिली आणि "येतो माय" म्हणून घाईघाईनं पुढच्या घराकडं गेला. भिंती वाळल्यावर त्यांच्यावर पांढरी पूड धरली. घरभर एक उग्र वास कोंडून राहिला.

ठमीला भिंतीला अंग घासत चालायची खोड होती. बहुतेक मांजरांना ती असते. संध्याकाळपर्यंत तिची डावी कूस पांढरी झाली, दुसऱ्या दिवशी उजवीही. मग ती चुलीजवळ बसली आणि अंग चाटू लागली. सकाळभर चाटत होती, दुपारभर चाटत होती. धुरपदामायनं बाहेरून वनमालाबाईंना हाक मारून दाखवलं.

"बघा मास्तरीणबाई, कशी न्हातीया माजी लेक. घंगाळ लागतंय का तिला?"

वनमालाबाईंचा सोन्याही त्या दिवशी पांढरा होऊन आला होता. पण रविवार नसतानाही त्यांनी त्याला धरून फेसात बुडवला होता आणि त्याला चार दिवस पडवीत बांधून ठेवायचं ठरवलं होतं. धुरपदामायला त्याचंही हसू आलं.

तिसऱ्या दिवशी गावात मांजरं मरू लागली. वाण्याच्या दुकानातली मेली, देवळामागं दोन सापडली. चौथ्या दिवशी सकाळी ठमीनं दूध अर्धं प्यालं आणि अर्धं ठेवलं. तिच्या ओठांवरची कातडी उगीच उडत होती. मग मान थरथरू लागली, मग पाठ. भांडं वाजलं तरी ती दचकून उभी राही. आठ वर्षांत तिनं ठमीला कधी आजारी पाहिलं नव्हतं.

आता काहीतरी करायला हवं होतं. करायचं काय, याचा विचार तिला करावा लागला नाही, हात आपोआप चालू लागले. अंग थरथरतंय, म्हणजे गारठा शिरलाय. अंगावर पांढरा थर बसलाय, म्हणजे तो काढायला हवा. पाण्यानं तो निघणार नाही. चाळीस वर्षांत हजार वेळा तिनं हेच केलं होतं. तिनं चुलीवर पाणी चढवलं, वाटीत करडीचं तेल कोमट केलं, न्हाणीत पाट टाकला आणि पाय लांब करून ठमीला नडग्यांवर घेतलं.

ठमी नखं काढील, पळून जाईल, असं तिला वाटलं होतं. पण ती गप्प पडून राहिली. तिच्या अंगात बळच नव्हतं. धुरपदामायनं तिला टाळूपासून शेपटीच्या टोकापर्यंत तेल चोळलं. केसांच्या मुळाशी बोटं घालून, कुशीत, काखेत, पोटाखाली, जिथं जिथं पांढरं दिसत होतं तिथं तिथं चांगलं मुरवलं. "उगी, उगी, माजं बाळ ते," असं ती म्हणत होती. पूड तेलात विरघळून दिसेनाशी झाली तेव्हा तिला बरं वाटलं. तेल मुरावं म्हणून तिनं ठमीला फडक्यात गुंडाळून बराच वेळ मांडीवर धरलं. मग डाळीचं पीठ, मग पाणी. पुसून, कोरडी करून तिनं तिला शेगडीजवळ ठेवलं आणि ओव्याची धुरी दिली.

तासाभरात ठमीला पहिला झटका आला. चारी पाय ताठ झाले, मान मागं गेली, डोळे पांढरे झाले. तो ओसरतो न ओसरतो तोच दुसरा. धुरपदामायनं पुन्हा शेक दिला. तळपाय चोळायला तिनं पुन्हा तेलाची वाटी ओढली. दिवस कलायच्या आत ठमी गेली. तिच्या दोन लेकरांच्या वेळी जे रडू तिला सासूच्या धाकानं रडता आलं नव्हतं, ते सगळं त्या संध्याकाळी बाहेर आलं. ती इतक्या मोठ्यानं रडली की रस्त्यावरची माणसं थांबली.

वनमालाबाई धावत आल्या. फडक्यात गुंडाळलेल्या ठमीला त्यांनी हात लावला आणि बोटांना लागलेलं तेल पाहिलं.

"अगंबाई, धुरपदाबाई, हिला तेल लाव..." एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचं त्यांनी गिळलं. पदरानं बोटं पुसली आणि नुसत्या शेजारी बसल्या.

ते गिळणं धुरपदामायनं पाहिलं. तुम्ही काय म्हणत होता, असं तिनं त्यांना विचारलं नाही. ती विचारणाऱ्यांतली नव्हती. पण रात्री, दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढच्या दिवशीही तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. तेल लावेपर्यंत ठमी उभी राहत होती. अर्धं का होईना, दूध पीत होती. तेल लावलं आणि तासाभरात झटके आले. शेजारच्या पडवीत सोन्या दोरीला हिसके देत जिवंत ओरडत होता. एकाच पुडीनं पांढरी झालेली मायलेकरं. एक साबणानं धुतलेलं, एक तेलानं माखलेलं. कुणी सांगायची गरजच नव्हती.

गावानं मात्र सगळं पंपावर ढकललं. औषधानं मांजरं मारली, असं जो तो म्हणे. उंदीर माजले तेव्हा तर लोक फवारणीवाल्यांना शिव्याच देऊ लागले. धुरपदामायचं सांत्वन करायला येणाऱ्या बायका म्हणत, "मेल्या त्या पंपवाल्यांनी गं माय, तुझ्या जिवाचा आधार नेला." धुरपदामाय मान हलवायची. नाही म्हणायची नाही. नाही म्हणायचं तिच्या ओठांवर येई आणि तिथंच राही, याची तिला फार लाज वाटे.

तिनं कामाला जाणं बंद केलं. गुडघा धरलाय म्हणाली. दोन घरची बोलावणी परत पाठवली. दिवाळी झाली. कार्तिकात सारजा बाळंत झाली, मुलगी झाली. पहिल्याच सकाळी हणमंतप्पाची बायको बोलवायला आली, तिलाही धुरपदामायनं गुडघाच सांगितला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मल्लिनाथ स्वतः आला. उंबऱ्याच्या आत न येता बाहेरच उकिडवा बसला.

"माय, गुडघ्याचं खरं न्हाय ते. मला ठावं हाय तुमी का येईनात."

धुरपदामाय आत चुलीजवळच बसून राहिली.

"माझ्या पंपानं तुमची ठमी गेली. गाव तोंडावर म्हनतंय मला. पर तुमी म्हनला न्हाईत, तेच जास्त लागतंय. म्या काय मुद्दाम केलं का माय? हिवतापानं मानसं मरू नयेत म्हून तर..." त्यानं हातानं नाक पुसलं. "माजा राग लेकरावर काढू नका. ती रातभर रडतीया. सारजाला काय कळंना झालंय."

एवढा बाप्या माणूस, महिनाभर दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेऊन हिंडत होता, आणि ती आत बसून मान हलवत होती. धुरपदामायला स्वतःची किळस आली. ती उठून उंबऱ्यापाशी आली आणि त्याच्यासमोर खाली बसली.

"तू न्हाय मारलं रं तिला. म्या मारलं."

"आसं नका म्हनू माय."

"ऐक तरी. अंगावर पावडर हुती, जीव थरथरत हुता, तरी जगली असती. म्या तेल लावलं. लेकराला लावत्यात तसं. चांगलं मुरवलं. तासाभरात झटकं आलं. ह्या हातानं मारली म्या तिला."

मल्लिनाथनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"तेल," तो हळूच म्हणाला. "तेल लावायचं नसतं माय. तेलातनं ते कातडीत शिरतं. आमाला पहिल्याच दिवशी सांगत्यात. अंगाला तेल लावून कामाला यायचं न्हाय, अन् पावडर अंगावर पडली तर साबन अन् पानी, तेलाचं बोट न्हाय. घरोघरी तसं सांगा म्हनत्यात."

त्या दिवशी वनमालाबाईंनी काय गिळलं होतं, ते धुरपदामायला आता कळलं.

"मग सांगितलंस तू? घरोघरी?"

"सांगितलं. वान्याला सांगितलं, मास्तरांच्या घरी सांगितलं, सगळ्यांला सांगितलं." मल्लिनाथची नजर जमिनीवर होती. "तुमच्या दारात आलो अन् तोंडातनं शब्द निघंना. म्हनलं, जिनं आपल्याला न्हाऊ घातलं, तिला न्हान्यातलं काय शिकवावं? शोभंल का ते? म्हून तसाच पुढं गेलो."

रस्त्यानं एक बैलगाडी गेली. शेजारच्या पडवीत वनमालाबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी हे ऐकलं असावं, कारण त्यांचा हात थांबला होता.

"सांगितलं असतंस तरी म्या ऐकलं नसतं," शेवटी धुरपदामाय म्हणाली. "हसले असते तुला. म्हनले असते, कालचं पोर, मला शिकवतंय." हे ती त्याला बरं वाटावं म्हणून बोलली नव्हती. ते खरंच होतं आणि खरं होतं म्हणून तिच्या डोळ्यांना धार लागली.

मल्लिनाथनं डोळे पुसले, उठला आणि हात पुढं केला. "चला माय. पानी तापलंय."

"अजून माज्या हातात लेकरू देतोस?"

"मग कुनाच्या देऊ?"

ती गेली. न्हाणीत पाट मांडलेला होता. सवयीनं तिनं लुगडं वर ओढलं, पाय लांब केले. सारजानं तिच्या नडग्यांवर बाळ ठेवलं. तीन दिवसांची मुलगी, मुठी आवळलेली, रडून रडून लाल झालेली. बाळाच्या आजीनं तेलाची वाटी पुढं सरकवली. धुरपदामायचा हात वाटीपर्यंत गेला आणि थांबला. हे मांजर नव्हतं, हिच्या अंगावर पावडर नव्हती, तेल लावायलाच हवं होतं. हे सगळं तिला कळत होतं. तरी बोटं तेलात बुडेनात. बाळ रडत राहिलं.

"माय, काय झालं?" सारजा घाबरून म्हणाली.

धुरपदामायनं मान वर केली. समोर उभी असलेली ती पोर एकोणीस वर्षांची होती. तिला बाळ धरताही येत नव्हतं.

"हिला तेल लावू का गं?" धुरपदामायनं विचारलं. "किती लावू?"

सारजाला वाटलं, माय थट्टा करतेय. ती हसली. "मला काय ठावं माय? तुमालाच ठाऊक."

"न्हाय गं," धुरपदामाय म्हणाली. "मला न्हाय ठाऊक. तू आई हाईस, तू सांग."